न विचारलेलं नाव

एल्बर्ट टिस्डेलच्या उजव्या हाताची बोटं वेगवेगळ्या दिशांना बघत. करंगळी बाहेर वळलेली, मधलं बोट आत, आणि तर्जनी कपाच्या कानात कधी शिरायचीच नाही. चर्चमध्ये कुणी नवीन माणूस हात मिळवायला आला की दचकायचा. एल्बर्ट म्हणायचा, "घाबरू नका, चावत नाहीत. त्यांनाच चावलंय."

चावलं होतं बेसबॉलच्या चेंडूनं. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या मार्लो गावात काळ्या लोकांचा एक संघ होता, मार्लो स्टार्स. एल्बर्ट त्याचा कॅचर. पिचर चेंडू फेकतो आणि बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसून जो तो झेलतो, तो कॅचर. झेलायला त्याचे हात हे असे पोलादी, पण पळायला तो फार मंद. थंडीत बरणीतून काकवी ओतावी तसा हा चेंडू टोलवून पहिल्या बेसच्या टप्प्याकडे निघतो, असं कुणीतरी म्हणालं आणि त्याचं नाव काकवी पडलं. तेव्हापासून त्याला एल्बर्ट म्हणणारी फक्त त्याची आई आणि बायको अर्लीन.

नाव प्रत्येकालाच पडलेलं होतं. जेवणात कधी एका ताटावर न थांबणारा तो दोन-ताटं. सगळ्यांत घाण शिव्या देणारा तो पाद्री. आणि पिचर होता पाणसाप. लाकूड कापायच्या सॉमिलमागे ओंडके भिजत घालायचं तळं होतं. त्यात साप पोहताना डोकं वर काढून सरळ येतो आणि अगदी जवळ आला की बुडी मारतो. पाणसापाचा चेंडू तसाच यायचा. बॅटवाला जिथे चेंडू होता तिथे बॅट फिरवायचा आणि चेंडू खाली काकवीच्या हातात असायचा.

मी स्वतः कधी खेळलो नाही. मी सॉमिलचा ओंडक्यांचा ट्रक चालवायचो आणि रविवारी तोच ट्रक धुऊन त्यात संघाला घालून शेजारच्या गावांना न्यायचो. हे लिहायला माझ्यापेक्षा बरा माणूस मिळायला हवा होता, पण आता उरलंय कोण?

मैदान सॉमिलचं. शनिवारी गोऱ्यांच्या संघाचं, रविवारी आमचं. चिखल झाला तर आम्ही त्यावर भुसा टाकायचो, त्यामुळे आमच्या पोरांचे कपडे नेहमी पाइनच्या लाकडासारख्या वासाचे. रविवारी सामना असला की चर्चचे रेव्हरंडसुद्धा घड्याळाकडे बघत प्रवचन द्यायचे. बायका चर्चच्या टोप्या घालूनच मैदानावर येत. उकडलेल्या शेंगांच्या पुड्या फिरायच्या, टरफलांचा खच पडायचा, आणि काकवी बॅट घेऊन उभा राहिला की मागून कुणीतरी ओरडायचं, "अगं अर्लीन, रात्रीचं जेवण झाकून ठेव! हा पहिल्या बेसवर पोचेपर्यंत गार होईल!" अर्लीन ओरडायची, "तुझ्या नवऱ्याचं झाक, तो तर घरीसुद्धा पोचत नाही!"

हे सगळं कसं संपलं ते नीट सांगता येत नाही. कुणी येऊन बंद केलं नाही. वर उत्तरेत मोठ्या संघांनी काळे खेळाडू घ्यायला सुरुवात केली, आम्ही रेडिओभोवती बसून टाळ्या वाजवल्या. मग टीव्ही आला. रविवारी लोक घरात बसून त्यांना बघू लागले. सॉमिल बंद झाली, पोरं डेट्रॉइटला गेली, क्लीव्हलंडला गेली. एका वर्षी मैदानावरचं गवत कुणी कापलंच नाही. आनंदाच्या भरात आमचं ते बघायचं राहून गेलं. आता तिथे स्वस्त मालाचं दुकान आहे आणि त्यापुढे गाड्या लावायची जागा.

संघातली माणसं एकेक करत गेली. पाद्री गेला, दोन-ताटं साखरेच्या आजारानं गेला. शेवटी काकवी एकटा उरला. अर्लीन गेल्यावर तो सकाळी ओसरीवर येऊन बसायचा तो दिवस मावळेपर्यंत. डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशनला तयार नाही. मुलगी क्लीव्हलंडहून रविवारी फोन करायची. "बाबा, इकडे या," ती म्हणायची. तो म्हणायचा, "बघू, थंडी सरू दे." उन्हाळ्यातसुद्धा हेच म्हणायचा. संध्याकाळी रेडिओवर सामना लागला की मी जाऊन शेजारी बसायचो. बोलत आम्ही फारसे नव्हतो. पिचरनं चेंडू टाकला असं रेडिओवाला म्हणाला की काकवीचा डावा हात मांडीवर उघडायचा आणि मिटायचा. त्याला ते माहीत नसावं.

त्या वर्षी वसंतात ग्रीअरबाई आल्या. वर्डेल ग्रीअर म्हणजे आमच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. अजूनही त्या बोलायला लागल्या की माणसं आपोआप ताठ बसतात. म्हणाल्या, "ब्रदर टिस्डेल, आनंदाची बातमी आहे. राज्यभर आपल्या लोकांच्या जुन्या संघांची आठवण जपायचं काम चाललंय. आपल्या मार्लो स्टार्सचा दगड बसणार. चर्चच्या आवारात. ग्रॅनाइटचा. सगळ्या खेळाडूंची नावं कोरलेली."

काकवीनं वाकडी बोटं मांडीवर जुळवली. मग म्हणाला, "उशीर झाला म्हणायचं नाही मला. पण पाद्री असता तर त्यानं म्हटलं असतं."

"आणि कसं म्हटलं असतं तेही मला माहीत आहे," ग्रीअरबाई म्हणाल्या. "सांगा आता नावं. पूर्ण."

तो सांगत गेला. पाद्री म्हणजे थॅडियस मूडी. दोन-ताटं म्हणजे कॉर्नेलियस बँक्स्टन. एखाद्याचं अडलं की मी आठवण करून द्यायचो, कुणाची विधवा, कुणाची भाची अजून गावात होती, तिला विचारू म्हणून बाई पुढे जायच्या. सगळ्यांची नावं मिळाली.

"आणि पाणसाप," काकवी म्हणाला.

"त्यांचं नाव?"

काकवीनं माझ्याकडे तोंड वळवलं. मी त्याच्याकडे बघितलं.

"तुम्ही त्यांचे चेंडू किती वर्षं झेललेत, ब्रदर टिस्डेल?"

"संघ होता तोवर."

"आणि नाव माहीत नाही?"

"पाणसाप. हेच त्याचं नाव."

ग्रीअरबाईंनी चष्मा काढला. रागावल्या नव्हत्या, पण आवाज बदलला. "माझे वडील या सॉमिलवर खेचरं हाकायचे. केस पांढरे झाले तरी गोरा मुकादम त्यांना 'ए पोऱ्या' म्हणायचा. त्याच्या पोरांनीसुद्धा तेच म्हटलं. आयुष्यात एकदाही त्या गिरणीत त्यांना कुणी मिस्टर म्हटलं नाही. मी त्यांच्या थडग्यावर काय कोरलंय, बघितलंय ना? मिस्टर अँब्रोज लायल. आपल्या माणसांची नावं त्यांनी पुसली. मी आता दगडावर जनावराचं नाव घालणार नाही. कुणी वाचेल आणि हसेल. यावर हसायला मी कुणाला जागा देणार नाही."

"जनावराचं नाव गोऱ्यांनी नाही दिलं, बाई. आम्ही दिलं."

"तरीही. पूर्ण नाव आणा, पहिल्या ओळीत घालते. नाही मिळालं, तर माझा नाइलाज आहे."

त्या गेल्यावर काकवी म्हणाला, "सायलस, गाडी चालते का तुझी?"

"चालते."

"मग शोधू."

पाणसाप एका हिवाळ्यात लाकूडतोड्यांच्या टोळीबरोबर आला होता. टोळी पुढे गेली, तो राहिला. उंच, बारीक, बोलणं कमी. मागून मोटारीचा दिवा पडला की अंगात काहीतरी आवळून घ्यायचा. राहायला ओडेसा पर्किन्सच्या खानावळीत. ओडेसा कधीच गेली, पण तिची मुलगी विल्मा अजून त्याच घरात होती. आम्ही गेलो तर ती ओसरीवर पाय पाण्यात बुडवून बसलेली.

"काकवी! अजून जिवंत?"

"निघालोय, पण माझी चाल तुला माहीत आहे."

ती खूप हसली. मग आम्ही विचारलं. तिनं डोकं हलवलं. "आई त्याला 'कोपऱ्यातल्या खोलीतले' म्हणायची. भाडं द्यायचे, ताट धुऊन ठेवायचे. एवढा सभ्य माणूस आमच्याकडे दुसरा राहिला नाही. पण नाव कुठे विचारतात? तूच सांग, तू विचारलंस का?"

काकवी उठून माझा हात शोधू लागला.

हे बाहेरच्या माणसाला समजणं कठीण आहे. टोळीबरोबर आलेल्या माणसाला आम्ही नाव विचारत नव्हतो. कुठून आलास, घरी कोण आहे, हेही नाही. त्या काळी असा माणूस कुठल्यातरी मालकाच्या शेतावरून निघून आलेला असायचा, किंवा कुठल्यातरी शेरिफला हवा असायचा, किंवा त्यानं नुसतंच एखाद्या गोऱ्याच्या डोळ्यांत बघून उत्तर दिलेलं असायचं. मागे कुणीतरी चौकशी करत येणारच, हे धरून चालायचं. आपल्याला नाव माहीत नसलं की मार खाऊनही ते आपल्या तोंडून निघत नाही. म्हणून विचारायचं नाही. त्याला ताट वाढायचं, जागा द्यायची, आणि हाक मारायला आपण एक नाव द्यायचं. माणसाला जपायची आमची रीत ती. त्या रीतीनं पाणसाप आमच्यात कित्येक वर्षं सुखरूप राहिला आणि छातीच्या दुखण्यानं अंथरुणात मेला, पळता पळता नाही. चर्चमागे त्याला पुरलं तेव्हा रेव्हरंड नुसतं "आपला हा भाऊ" म्हणाले. लाकडी फळी लावली होती. ती कुजली.

आणखी एक आशा होती, संघाचा फोटो. दोन-ताटंच्या भाचीकडे तो भिंतीवर आहे. सगळे छाती काढून उभे, आणि उजव्या टोकाला एक जण बुटाची नाडी बांधायला वाकलेला. टोपीचा माथा तेवढा दिसतो. भाची म्हणाली, "याचं नशीब बघा, नेमका तेव्हाच वाकला."

"नशीब नाही, पोरी," काकवी म्हणाला. फोटो त्याला दिसत नव्हता, पण कोण कुठे उभा होता ते ठाऊक होतं. "फोटोवाला आला की त्याची नाडी सुटायचीच."

परत येताना गाडीत मला जे वाटत होतं ते मी बोललो. एरवी मी बोलत नाही. म्हटलं, "काकवी, जो माणूस जन्मभर लपला, त्याला आता दगडावर घालायचं का? त्याला आवडलं असतं का?"

तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. बाहेर काय दिसत होतं त्याला, कोण जाणे.

"तेव्हा त्याला शोधणारी माणसं होती," तो म्हणाला. "आता कुणीच नाहीये, सायलस. तोच तर घोर आहे. कुठेतरी त्याची बहीण असेल, नाहीतर पोर असेल. त्यांना वाटलं असेल, गेला कुठेतरी रस्त्यात. त्यांना कसं कळणार की इथे लोक चर्चचे कपडे घालून त्याला बघायला यायचे?" थोडं थांबून म्हणाला, "मी त्याच्यासमोर बसायचो. खालून बोटांनी खूण करायचो, काय टाक ते. तो मान हलवायचा, नाही तर हो. इतकी वर्षं. त्याच्या मनात कुठला चेंडू आहे ते मला त्याच्या आधी कळायचं. आणि नाव नाही कळलं."

त्यानंतर उन्हाळाभर त्यानं तो विषय काढला नाही. रेडिओ लागायचा, तो ऐकायचा. पण हात मांडीवर तसाच पडून असायचा.

ऑगस्टमध्ये आमच्या चर्चचा घरी यायचा रविवार असतो. गाव सोडून गेलेले सगळे त्या दिवशी परत येतात. डेट्रॉइटच्या, क्लीव्हलंडच्या गाड्या, नवीन सुना, नातवंडं. आवारात लांब टेबलं, कोंबडी, तळलेले मासे, मक्याची पोळी, रताळ्याचं सारण भरून भाजलेली गोड पाई, पाच जणींनी केलेली, आणि पाचही जणी कुणाची आधी संपते यावर डोळा ठेवून. दगडाचं उद्घाटन त्याच दिवशी ठेवलं होतं. तो बाहेर चादरीखाली झाकून उभा होता. त्यावर पाणसाप नाही, हे काकवीला माहीत होतं. त्यानं तरी सूट घातला. मी त्याला आणायला गेलो तेव्हा तो टाय हातात घेऊन बसला होता. बोटांना जमलं नव्हतं. मी बांधला.

चर्च गच्च भरलं होतं. उकाडा असा की सगळीकडे पुठ्ठ्याचे पंखे हलत होते. त्या रविवारी आमच्याकडे वारलेल्यांची हजेरी होते. पुढून एकेक नाव पुकारतात आणि त्याचं जे कुणी असेल ते उभं राहून सांगतं, मी त्याचा कोण. त्या वर्षी ग्रीअरबाईंनी आधी संघाची हजेरी घेतली.

"मिस्टर थॅडियस मूडी."

मागे एक जाडगेला तरुण उभा राहिला. "मी त्यांचा नातू."

"शिव्या येतात का रे?" कुणीतरी हळूच म्हणालं, आणि तीन बाकं हसली.

"मिस्टर कॉर्नेलियस बँक्स्टन."

"मी त्यांची भाची. आणि बाहेर दोन ताटं वाढून ठेवलीत." पुन्हा हसू.

असं चाललं होतं. प्रत्येकाचं कुणी ना कुणी उठत होतं. काही जण फार लांबून आलेले होते. शेवटी ग्रीअरबाई म्हणाल्या, "आणि मिस्टर एल्बर्ट टिस्डेल, जे देवाच्या कृपेनं आपल्यात बसलेले आहेत." टाळ्या झाल्या. काकवीनं बाकाला धरलं आणि उठला. सगळ्यांना वाटलं, तो टाळ्यांसाठी उठला. बाईंनी पुढचं म्हणायला तोंड उघडलं, पण तो खाली बसेना.

"बाई, एक राहिला."

पंखे थांबले.

"ब्रदर टिस्डेल," त्या हळू म्हणाल्या, "आपलं बोलणं झालंय."

"झालंय. दगडाचं तुमचं तुम्ही बघा. मी दगडाचं बोलत नाही. मला त्याचं नाव माहीत नाही. मी विचारलं नाही, कारण विचारायचं नव्हतं. का नव्हतं ते इथल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे. पण त्याला पुरल्यापासून या चर्चमध्ये त्याला एकदाही हाक मारलेली नाही. तुम्ही एकदा हाक मारा. हसणारे हसू देत."

कुणी हसलं नाही. समोरच्या बाकावरच्या एक-दोन म्हाताऱ्या "खरंय, खरंय" असं पुटपुटल्या. ग्रीअरबाई प्रवचनाच्या पुलपिटला धरून उभ्या होत्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं मी सांगू शकत नाही. मग त्यांनी पाठ ताठ केली, शाळेत करायच्या तशी, आणि अगदी स्पष्ट आवाजात हाक मारली.

"मिस्टर पाणसाप."

त्या छपराखाली मिस्टर हा शब्द पुष्कळदा ऐकलाय मी. असा कधी ऐकला नाही.

दगडावर ती ओळ नंतर आली. ग्रीअरबाईंनी कारागिराला पुन्हा बोलावून सगळ्यांच्या खाली ती कोरून घेतली. जागा ठेवलेली नव्हती म्हणून अक्षरं जरा बारीक आहेत. शाळेची पोरं ती वाचून हसतात, आणि मग विचारतात हा कोण होता. पण तो रविवार संपायचाय अजून.

हाक झाल्यावर रीतीप्रमाणे कुणीतरी सांगायला हवं होतं. काकवी उभाच होता.

"मी त्याचा कॅचर," तो म्हणाला.

"आमेन," रेव्हरंड म्हणाले. सगळे म्हणाले.

तो मात्र बसला नाही. बाकाला धरून त्यानं मान वळवली, मागच्या बाकांकडे, मग दाराकडे, जिथे लांबून आलेले अनोळखी लोक उभे होते. त्याला चेहरे दिसत नव्हते. तो ऐकत होता. पाणसापाचं कुणी उठल्याचा, बाक करकरल्याचा, आणखी कुणाचा आवाज. मी शेजारी बसून त्याच्याबरोबर ऐकत होतो. एक मूल रडलं, त्याला कुणीतरी बाहेर नेलं. मग काहीच नाही.

ग्रीअरबाईंना कळलं तो कशासाठी उभा आहे. त्यांनी पुढचं भजन सांगितलं नाही. सगळ्या चर्चला तसंच बसवून ठेवलं. मग काकवीनं हळूच मान हलवली, नाही अशी, आणि माझ्या खांद्यावर हात टेकून तो खाली बसला.